बाजूबंदाखालचा पट्टा

वाईत कुठल्याही घरी डोहाळजेवण ठरलं की हॉलवाला, आचारी आणि फोटोवाला यांच्याआधी हेमाकाकू पिसाळांना फोन जायचा. फुलांचे दागिने करावेत तर त्यांनीच. मोगऱ्याच्या कळ्यांची बिंदी, निशिगंधाचा कंबरपट्टा, गुलाबाचे झुबे आणि या सगळ्यांवर ताण करणारा बाजूबंद. दंडावर असा घट्ट बसायचा, की फोटोसाठी गर्भारशीने धनुष्यबाण ओढला तरी तो जागचा हलायचा नाही.

जग आता कुठल्या कुठे गेलं होतं. गावात रिक्षा आपल्या आपण धावत होत्या, औषधाची पुडी उडत खिडकीशी येत होती, पण डोहाळजेवण काही बंद पडलं नव्हतं. उलट त्याला ऊत आला होता. एक सासरचं, एक माहेरचं, एक बागेतलं, एक होडीतलं. नवरा गेल्यावर हेमाकाकूंनी याच दागिन्यांवर यशराजला वाढवलं, शिकवलं. तेव्हा त्यांच्या स्वतःच्या सुनेला दिवस गेल्यावर त्यांनी मनात काय काय योजलं असेल ते सांगायला नको. गावातल्या लेकीसुनांना नटवता नटवता बाईचे हात झिजले होते. आता घरच्या शर्वरीची पाळी होती.

आणि नेमका शर्वरीच्या दंडावर केशरी पट्टा आला.

हा पट्टा सगळ्याच गर्भारशींना मिळत नसे. ज्यांना धोका जास्त, त्यांनाच मातृकेंद्र तो देई. शर्वरीच्या आईचं, रोहिणीताईंचं, पहिलं बाळंतपण वाढलेल्या रक्तदाबातच वाया गेलं होतं, आणि हे दुखणं आईकडून लेकीकडे येऊ शकतं. म्हणून सुरुवातीपासून शर्वरीला रोजची एक बारीक गोळी होती, पुढे दाबाची दुसरी गोळी आली, आणि दंडावर हा पट्टा.

मुळात दुखणं असं. बाळाला आईच्या रक्तातून अन्न पोचवणारी जी वार असते, ती काही जणींच्या गर्भाशयात पुरेशी खोल रुजत नाही. तिला रक्त कमी पडतं. मग ती उपाशी वार आईच्या रक्तात अशी काही द्रव्यं सोडते, की अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जातात, अंगावर सूज येते, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तरीही आवरलं नाही तर आकडी येते आणि मग आई आणि बाळ दोघांच्याही जिवाशी गाठ असते. बाळंतपण होऊन वार बाहेर येणं हाच खरा उपाय. तोवर गोळ्यांनी दाब ताब्यात ठेवायचा आणि बाळाला पोटात जितके दिवस मिळतील तितके मिळवून द्यायचे.

पूर्वी अडचण अशी होती, की दाब मोजला जायचा तपासणीच्या दिवशी, आणि दुखणं काही तारीख बघून येत नाही. पट्ट्याने ती अडचण दूर केली. दिवसरात्र तो दंडातल्या नाडीची लाट मोजत राहायचा. पण त्याचं खरं शहाणपण मोजण्यात नव्हतं, शिकण्यात होतं. एकशे तीसचा दाब एखादीला रोजचाच असतो, एखादीला मात्र तोच धोक्याची सूचना असतो. म्हणून पट्टा सगळ्यांना एकच फूटपट्टी लावत नसे. बाईचा दाब जिना चढल्यावर किती वाढतो, झोपेत किती उतरतो, वाढलेला किती वेळात खाली येतो, हे सगळं पाहून तो तिची स्वतःची अशी एक रेघ आखायचा. त्या रेघेच्या बाहेर दाब गेला की दिवा हिरव्याचा पिवळा व्हायचा, पिवळ्याचा लाल व्हायचा आणि केंद्रातून फोन यायचा. सासू खोलीत आली की दाब किती वाढतो तेही त्याला कळतं, असं गावातल्या सुना हसून सांगायच्या.

पट्टा कोणाच्या दंडावर आहे हे मात्र तो ओळखत नसे. तेही मुद्दामच. बायकांच्या शरीराची ओळख यंत्रात साठवून ठेवू नका म्हणून एकदा बराच गदारोळ झाला होता आणि पट्टा बनवणाऱ्यांनी तो ऐकला होता. कातडीला टेकलाय, नाडी लागतेय, बस्स.

सासरच्या डोहाळजेवणाच्या दिवशी शर्वरी हिरव्या साडीत आरशासमोर बसली होती आणि हेमाकाकू बाजूबंद हातात घेऊन तिच्या दंडाकडे बघत होत्या.

"वरून बांधा ना आई," शर्वरी म्हणाली.

"वरून बसतोय होय तो! बघ, घसरतोय. आणि दिसतं ते वेगळंच. साताऱ्याहून, कोरेगावहून माणसं यायचीत. माझे दागिने राहतील बाजूला, सगळ्यांची नजर आधी या केशरी पट्ट्यावर जाईल. सुनेला काय झालंय म्हणून मलाच येऊन विचारतील."

"मग काढू या थोडा वेळ?"

शर्वरी अशी सहज हात पुढे करेल असं हेमाकाकूंना वाटलं नव्हतं. पण तिलाही हौस होती. पंचविशी ओलांडलेली पोर, पहिलंच बाळ, आणि महिनोन् महिने दंडावर ते केशरी लोढणं. हेमाकाकूंनी पट्टा सोडवला. लगेच पट्ट्यातून गोड आवाज आला, "ताई, पट्टा सैल झाला आहे. कृपया नीट बसवा."

आता केंद्राचा फोन येणार, कार्यक्रमाचा विचका होणार. हेमाकाकूंना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी पटकन पैठणीच्या ब्लाउजची बाही वर सारली आणि पट्टा स्वतःच्या दंडावर चढवला.

"धन्यवाद, ताई," पट्टा म्हणाला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघी खो-खो हसत सुटल्या. "तुम्हाला ताई म्हणाला की हो!" शर्वरीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. तिचं काजळ पुन्हा नीट करावं लागलं.

कार्यक्रम झकास झाला. बाजूबंदाचं तर कौतुकच कौतुक. रात्री पट्टा परत शर्वरीच्या दंडावर गेला, तेव्हा केंद्राचा निरोप आलेला होता, 'आज सायंकाळी दाब छान उतरला. अशीच विश्रांती घ्या.' हेमाकाकूंचा दाब जन्माचाच कमी. उन्हातून आल्या की लिंबू-मीठ-पाणी प्यावं लागे त्यांना. निरोप वाचून त्यांना हसू आलं आणि आत कुठेतरी बारीकसं टोचलंही. टोचलं ते त्यांनी झोपेवर ढकललं.

मग माहेरचं झालं. मग बागेतलं. दर वेळी दारातून निघण्याआधी पट्टा शर्वरीच्या दंडावरून हेमाकाकूंच्या दंडावर जायचा आणि परतल्यावर पुन्हा जागेवर यायचा. दोघींच्यातला तो एक गमतीचा खेळच होऊन बसला. यशराज शिरवळच्या कारखान्यात दिवसभर अडकलेला. त्याला याचा पत्ता नव्हता. बाकीच्यांना वाटायचं, पट्टा बाजूबंदाखाली असेल.

पट्टा मात्र दर वेळी शिकत होता.

एका सकाळी पडद्यावर डॉक्टर मुजावर आल्या. साताऱ्याच्या रुग्णालयात त्या अशा अवघड बाळंतपणांचं काम बघायच्या. बाई अघळपघळ बोलणारी नव्हती, पण मायाळू. म्हणाल्या, "शर्वरी, तुझा आलेख बघतेय मी. सकाळी दाब चढलेला दिसतो, पण काही संध्याकाळी फारच खाली जातोय. शंभराच्याही खाली. इतका उतरला तर वारेला रक्त पोचणार नाही, बाळाची वाढ खुंटेल. आपण गोळी निम्मी करू."

शर्वरीने हेमाकाकूंकडे बघितलं. हेमाकाकूंनी हातातल्या निशिगंधाकडे बघितलं. तो एक क्षण होता. तोंड उघडलं असतं तर डॉक्टर चार शब्द बोलल्या असत्या, केंद्राने समज दिली असती, यशराज दोन दिवस फुगून बसला असता. याहून जास्त काही झालं नसतं.

पडदा मावळल्यावर शर्वरी म्हणाली, "आई, सांगायला हवं होतं का हो?"

"सांगू गं. होडीतलं तेवढं होऊन जाऊ दे. तुझ्या मामेसासऱ्यांनी धोमला होडी सांगून ठेवलीय, त्यांचा विरस नको. मग मीच बोलते डॉक्टरांशी."

हे वाक्य पुढे हेमाकाकूंना इतक्या वेळा ऐकू आलं, की त्यातल्या प्रत्येक शब्दाची त्यांना शिसारी बसली.

होडीतलं डोहाळजेवण झालं. धरणाच्या पाण्यावर शर्वरी फुलांनी लगडून बसली होती आणि काठावरच्या खुर्चीत हेमाकाकू तिचा पट्टा पदराखाली झाकून बसल्या होत्या. त्यानंतर दोन-चार दिवसांतच शर्वरीचं डोकं दुखायला लागलं. आधी तिने कोणाला सांगितलं नाही. मग चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, अंगठी बोटातून निघेना. पट्ट्याचा दिवा पिवळा व्हायचा आणि थोड्या वेळाने आपला आपण हिरवा व्हायचा. त्याची समजूतच तशी झाली होती. या बाईचा दाब चढतो, पण उतरतोही, घाबरण्यासारखं काही नाही, असं त्याला चार डोहाळजेवणांनी शिकवलं होतं.

सकाळी शर्वरी स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी राहिली. "आई, डोळ्यांपुढे कसले तरी ठिपके नाचतायत."

हेमाकाकूंच्या हातातलं सगळं गळून पडलं. अर्ध्या तासात त्या शर्वरीला घेऊन साताऱ्याच्या वाटेला लागल्या होत्या.

रुग्णालयात डॉक्टर मुजावरांनी हातानेही दाब मोजला. दीडशेच्या पुढे होता. रक्त आणि लघवी तपासायला गेली, बाळाचे ठोके पाहिले. ठोके ठीक होते. मग डॉक्टरांनी भिंतीवर आलेख उघडला. शर्वरीच्या गेल्या काही आठवड्यांची ती निळी रेघ डोंगरदऱ्यांसारखी वरखाली जात होती.

"हे बघा," त्या यशराजला म्हणाल्या. तो कारखान्यातून थेट धावत आला होता. "तिचा दाब याआधीही चढलाय आणि दर वेळी संध्याकाळपर्यंत आपला आपण उतरलाय. इथे, इथे आणि इथे. म्हणजे वाहिन्या अजून सैल होऊ शकतात. बाळ अजून फार लहान आहे. आज बाहेर काढलं तर त्याची फुप्फुसं तयार नाहीत, डोळे तयार नाहीत. घाई करायची नाही. गोळी दिलीय, झोपू दे तिला. तपासण्या येईपर्यंत वाट बघू."

डॉक्टरांचं बोट ज्या दऱ्यांवर एकेक करून टेकत होतं, त्या सगळ्या दऱ्या हेमाकाकूंच्या होत्या. सासरचं. माहेरचं. बागेतलं. होडीतलं. त्यांना तिथेच ओरडावंसं वाटलं. शेजारी यशराज उभा होता. दारातून रोहिणीताई घामाघूम होऊन आत येत होत्या. हेमाकाकू दोन पावलं मागे सरल्या.

यशराजला रक्ताची सोय बघायला पाठवलं. दोघी विहिणी बाहेरच्या बाकावर बसल्या. रोहिणीताईंनी हेमाकाकूंचा हात हातात घेतला.

"ताई, माझ्या वेळेला काही नव्हतं हो असलं. डोकं दुखतंय म्हटलं तर सासूबाईंनी सुंठ उगाळून लावली. संध्याकाळी पोर गेली माझी. मुलगी होती पहिली." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आता हा पट्टा आहे, तुम्ही आहात. डोळ्यांत तेल घालून जपलंत तिला. मी कुठे फेडू हे?"

हेमाकाकूंना वाटलं, हिने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. आता हिच्यासमोर कसं सांगायचं? ज्या बाईने याच दुखण्यात एक लेक घालवली, तिला म्हणायचं की तुझ्या दुसऱ्या लेकीचा पट्टा मी फोटो चांगले यावेत म्हणून काढून घेतला? त्यांनी नुसती मान हलवली.

परिचारिकेने त्यांना आत बोलावलं. शर्वरी डोळे मिटून पडली होती. खोलीत अंधार केलेला होता, कारण उजेडाने तिला त्रास व्हायचा. हेमाकाकूंनी कपाळावर हात ठेवताच ती पुटपुटली, "आई, सांगितलंत ना त्यांना? पट्ट्याचं?"

"हो," हेमाकाकू म्हणाल्या.

का म्हणाल्या? पोरीला घोर नको म्हणून, असं त्यांनी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. आत्ता बाहेर पडते आणि सांगतेच, मग ते खोटं राहणारच नाही, असंही सांगितलं. शर्वरीचा चेहरा सैल झाला. "बरं झालं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

त्या बाहेर आल्यावर रोहिणीताई लेकीपाशी बसायला आत गेल्या. हेमाकाकूंना वाट मोकळी होती. डॉक्टरांची खोली समोरच होती, दार उघडंच होतं. पण त्या बाकावर बसल्या. संध्याकाळी दाब उतरेल कदाचित, त्यांनी मनाशी म्हटलं. डॉक्टर म्हणतायत तर उतरेलही. उतरला की सांगायची वेळच येणार नाही. मग त्यांना आठवलं, की उतरतो तो आपला. तिचा उतरताना आपण पाहिलाच नाही. तरीही त्या उठल्या नाहीत. देवाला नवस बोलून झाले. समोरच्या काचेतून शर्वरीच्या सलाईनची बाटली दिसत होती. ती थेंब थेंब करत रिकामी झाली, परिचारिकेने दुसरी लावली, तरी हेमाकाकू बाकावरच होत्या.

त्या उठल्या त्याही धीर आला म्हणून नव्हे. परिचारिका दाबाचा आकडा घेऊन घाईघाईने डॉक्टरांकडे जाताना दिसली आणि त्यांचे पाय आपोआप तिच्यामागे गेले.

"डॉक्टर, तो आलेख तिचा नाही."

डॉक्टर मुजावरांनी मान वर केली.

"संध्याकाळचा उतरलेला दाब माझा आहे. डोहाळजेवणाच्या वेळी पट्टा मी घालायचे. चारही वेळा. तिचा कधी उतरलाच नाही."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उडाला. एका क्षणात सगळं त्यांच्या डोक्यात उलटंपालटं होऊन नव्याने जुळताना हेमाकाकूंना दिसलं. चढून उतरणारा दाब नव्हता तो. कित्येक आठवडे नुसता चढत गेलेला दाब होता, आणि आपण त्यावरची गोळी निम्मी केली होती. खुर्ची मागे ढकलून डॉक्टर धावल्या. "मॅग्नेशियम भरा! आत्ता! आणि बाळाच्या फुप्फुसांचं इंजेक्शन द्या. शस्त्रक्रियेची खोली तयार करा."

मॅग्नेशियम आकडी थोपवतं. ते भरायला, शिरेत सोडायला थोडा तरी वेळ लागतोच. तेवढ्यात आतून रोहिणीताईंची किंकाळी आली. शर्वरीचे डोळे फिरले होते, दातखीळ बसली होती आणि सगळं अंग लाकडासारखं ताठ होऊन झटके देत होतं.

सगळं त्याच संध्याकाळी झालं. आकडी थांबली, दाब आवरला, मुलगा झाला. दोन्ही तळहातांत मावेल एवढासा. बाळाच्या फुप्फुसांचं इंजेक्शन नीट लागू व्हायला एक-दोन दिवस लागतात. त्याच्या वाट्याला तेवढे दिवस आले नाहीत. कित्येक आठवडे तो काचेच्या पेटीत नळ्यांमध्ये गुरफटून पडला होता. शर्वरी वाचली. बाळही वाचलं.

हेमाकाकूंनी घरात सगळ्यांना सांगितलं. पट्टा कसा काढला, कितीदा काढला, सगळं. यशराज बरेच दिवस आईशी कामापुरतंच बोलला. रोहिणीताई तर त्यांच्याकडे बघेनात. पण सगळ्यांना समजावलं ते शर्वरीनेच. "हात मीच पुढे केला होता. एकट्या आईंची चूक नाही. आणि कळल्यावर त्यांनी लाजही धरली नाही. पोचल्या पोचल्या डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. मला शुद्ध होती, मी विचारलं होतं त्यांना. त्यांनी सांगितलं म्हणून आज मी आहे."

हे तिने यशराजला सांगितलं, रोहिणीताईंना सांगितलं, बघायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. हळूहळू घरातलं बोलणं पूर्ववत झालं. रोहिणीताई परत 'ताई' म्हणायला लागल्या. हेमाकाकूंना माफी मिळाली ती अशी, एका खोट्यावर. ती परत करावी तर कशी, हे त्यांना समजेना. रोज सकाळी उठून त्या ठरवायच्या, आज सांगायचं, आणि रोज शर्वरी त्यांना आधी चहा द्यायची.

बाळाचं नाव अर्णव ठेवलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांतल्या वाहिन्या कच्च्या राहतात. त्याच्या डोळ्यांवर उपचार झाले, तरी एक डोळा अधूच राहिला. रांगायला लागण्याआधीच त्याला चष्मा लागला, डोक्याच्या मागे इलॅस्टिकने बांधलेला. हेमाकाकू फुलं गुंफत बसल्या की तो जवळ यायचा आणि मोगऱ्याच्या कळीला हात घालायचा. हात कळीच्या शेजारी पडायचा. पुन्हा घालायचा, पुन्हा शेजारी पडायचा. एकदा त्यांनी डॉक्टर मुजावरांना विचारलं, तो वेळ वाया गेला नसता तर डोळा वाचला असता का. डॉक्टर म्हणाल्या, "काकू, ते कोणीच सांगू शकणार नाही." हेमाकाकूंना वाटलं, 'हो' म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं.

पुढल्या वर्षी शर्वरीच्या मैत्रिणीचं, केतकीचं, पाचगणीला डोहाळजेवण निघालं. दागिने अर्थातच हेमाकाकूंचे. शर्वरी आणि अर्णवही बरोबर गेले. केतकीच्या दंडावर केशरी पट्टा होता, पण नव्या घडणीचा. त्याला आता कुलूप होतं. एकदा दंडावर चढला की केंद्रातली परिचारिकाच तो उघडणार, आणि कातडीची ओळखही तो ठेवणार. ज्या गोष्टीविरुद्ध बायकांनी एवढी ओरड केली होती ती गोष्ट निमूटपणे परत आली होती.

"अंघोळीलासुद्धा निघत नाही मेला," केतकीची आत्या बाजूबंद न्याहाळत म्हणाली. "कुठल्यातरी शहाण्या बाईने म्हणे सुनेचा पट्टा काढून स्वतः घातला. मिरवायला! तिच्यापायी आता सगळ्या पोरींना ही बेडी."

जमलेल्या बायका हसल्या. हेमाकाकू केतकीपुढे बसल्या होत्या. हातात बाजूबंद, मांडीवर अर्णव. त्यांनी मान वर केली नाही.

"आत्या, ती सून मीच," शर्वरी म्हणाली.

हसू थांबलं. शर्वरीचा आवाज शांत होता. "आणि ती बाई म्हणजे या माझ्या सासूबाई. हौस आम्हा दोघींची होती. पण दवाखान्यात गेल्या गेल्या त्यांनी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. मुलगा शेजारी, विहीण शेजारी, तरी सांगितलं. किती जणी सांगतील? म्हणून मी वाचले."

आत्याबाई ओशाळल्या. "अगं, मला काय माहीत! धीराची बाई हो." बायकांच्या नजरा हेमाकाकूंकडे वळल्या आणि त्या नजरांत आदर होता. अर्णव बाजूबंदातल्या गुलाबाकडे हात नेत होता. हात शेजारी पडत होता.

"लगेच नाही सांगितलं," हेमाकाकू म्हणाल्या.

आपणच बोललो हे त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी शर्वरीकडे बघितलं. "तू विचारलंस तेव्हा मी हो म्हणाले. तोवर सांगितलं नव्हतं गं. तुझ्यापाशी खोटं बोलले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले."



"किती वेळ?" शर्वरीने विचारलं.

"तुझी सलाईन संपून दुसरी लागली. त्याच्याही नंतर उठले."

केतकीच्या दंडावरून गोड आवाज आला, "ताई, दाब थोडा वाढला आहे. कृपया शांत बसा." कोणालाही हसू आलं नाही.

शर्वरी उठली. तिने हेमाकाकूंच्या मांडीवरून अर्णवला उचललं. त्याचा चष्मा सरळ केला. "बाजूबंद बांधा आधी," ती म्हणाली. "केतकी खोळंबलीय."

हेमाकाकूंनी बाजूबंद बांधला. केशरी पट्ट्याच्या वरून बांधला. आदल्या रात्री त्यांनी तो तसाच बसेल असा गुंफला होता, आतून दुपदरी, थोडा रुंद. घसरला नाही. पट्टा दिसत होता. वाईट दिसत नव्हता. हे त्यांना मागच्या वर्षीही जमलं असतं.

परतीच्या रिक्षात शर्वरीने अर्णवला आपल्याच मांडीवर घेतलं. घाट उतरताना ती बाहेर बघत होती. हेमाकाकू कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या. आता ही माहेरी जाईल, त्यांना वाटलं. जावंच तिने. यशराजला सांगेल, आईला सांगेल. सांगू दे.

घरी पोचल्यावर अर्णवच्या डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती. रोज हेमाकाकू त्याचं डोकं धरायच्या आणि शर्वरी थेंब घालायची. त्याला ते अजिबात आवडायचं नाही. तो आकांत मांडायचा. म्हणून हेमाकाकू नेहमी तोंड फिरवून धरायच्या, दुसरीकडे बघत.

शर्वरी कपाटातून बाटली घेऊन आली. ती हेमाकाकूंच्या समोर बसली, अर्णवला मांडीवर आडवा घेतला, त्याचा चष्मा काढला आणि बाटली हेमाकाकूंच्या हातात दिली.

"आजपासून तुम्ही घालायचं," ती म्हणाली. "मी डोकं धरते."

अर्णवने भोकाड पसरलं. हेमाकाकूंनी बाटली परत पुढे केली. "मला नाही जमणार गं. नेम चुकेल माझा."

"चुकणार नाही. नीट त्याच्या डोळ्यात बघा आणि घाला. तोंड फिरवू नका."

हेमाकाकू पुढे वाकल्या. अर्णव रडायचा थांबून वर बघत होता, त्यांच्याकडे आणि त्यांच्या किंचित शेजारी.